क्यूआर सेटलमेंट आणि भाड्याची खाती: छोट्या स्टार्टअपने टोळ्यांना थोपवायचं कसं?

गल्लापेटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

छोट्या दुकानदारांना क्यूआर आणि साउंडबॉक्स देणाऱ्या स्टार्टअपसाठी सल्ला हवा आहे. परवाना आमचा नाही, परवानाधारक पेमेंट ॲग्रिगेटरच्या (गिऱ्हाइकांचे पैसे गोळा करून दुकानदारांच्या खात्यात पोचवणारी कंपनी) हाताखाली काम चालतं. पुणे, पिंपरी-चिंचवड, सातारा आणि सोलापूर मिळून सुमारे ९,००० दुकानदार आहेत. माणसं २५, त्यात बॅकएंडला चार आणि रिस्क बघायला एक. पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात जातात. ज्यांना हवी त्यांना दिवसातून चार वेळा झटपट सेटलमेंट.

अडचण भाड्याच्या खात्यांची, म्हणजे फसवणुकीचा पैसा फिरवायला टोळ्या दुसऱ्यांच्या नावावर वापरतात त्या खात्यांची आहे, आणि साचा ठरलेला. नवं "किराणा दुकान" नोंदवलं जातं. दहा-बारा दिवस ४०-५० रुपयांचे व्यवहार होतात. मग एखाद्या दुपारी दीड तासात सहा-सात लाख येतात, झटपट सेटलमेंटने निघून जातात आणि दुसऱ्या दिवसापासून १९३० च्या (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) तक्रारी सुरू होतात. पैसे देणारे सगळे बाहेरच्या राज्यांतले. कागद मात्र चोख: पॅन, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), शॉप ॲक्ट, बँक खात्यात एक रुपया टाकून केलेली पडताळणी.

विचारायचं ते असं: नोंदणीच्या वेळी काय बदलावं? कोणते नियम, कोणत्या आकड्यांवर लावावेत? पोलिसांची नोटीस आली की नेमकं काय पाठवायचं? आणि याच टोळ्या उद्या आमच्या सर्व्हरवर आल्या तर आधी काय बंद करायचं? लाखो रुपयांची तयार टूल घेणं सध्या शक्य नाही.

---

तिसरी_खिडकी

आधी एक गोष्ट पक्की धरा. तुमच्यासमोर एक चोर नाही, कामं वाटून घेतलेली साखळी आहे. फोन करणारा वेगळा, सिम पुरवणारा वेगळा, खाती गोळा करणारा वेगळा आणि शेवटी रोकड किंवा यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो चलन) करून देणारा वेगळा. फोन करणारे कित्येकदा देशातच नसतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या अशा केंद्रांत अडकलेल्या ५४९ भारतीयांना थायलंडच्या माई सोतमार्गे दोन विमानांनी परत आणलं, त्यावरून पसारा लक्षात येईल. या साखळीत तुम्ही "खातं" नावाची कडी आहात. तिचं सगळं बळ वेगात आहे. पैसा तासाभरात तीन-चार खात्यांतून फिरला नाही तर त्यांचा धंदा बुडतो. तेव्हा टोळी पकडायच्या मागे लागू नका, त्यांचा वेळ खा.

कागद. उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर आणि फुकट मिळते. लहान दुकानांना शॉप ॲक्टखाली नुसतं ऑनलाइन सूचनापत्र देऊन पावती मिळते, बघायला कोणी येत नाही. दोन्हींतून कागद आहे एवढंच कळतं, दुकान आहे हे कळत नाही. म्हणून फोटो गॅलरीतून घेऊ नका, तुमच्याच ॲपच्या कॅमेऱ्यातून घ्या. चौकटीत पाटी, शटर आणि शेजारच्या दुकानाची पाटी अशी तिन्ही यायला हवीत. त्याच वेळी लोकेशन घ्या आणि ते बनावट असल्याची खूण अँड्रॉइड देतो ती तपासा. शेजारच्या पाटीचा फार उपयोग होतो, कारण टोळी एकाच गाळ्यात फ्लेक्स बदलून बारा "दुकानं" उभी करते आणि शेजारी मात्र तोच मोबाइल रिपेअरवाला राहतो.

नाव जुळवणं. इथे बहुतेकांचं चुकतं. बँकेतलं नाव "पाटील सुरेश बाळू", पॅनवर "सुरेश बाळू पाटील", आधारवर "सुरेश पाटील". लक्ष्मीचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हांचं. लग्नानंतर बदललेलं आडनाव तर नेहमीचंच. अक्षरशः तुलना केली तर खरे दुकानदार अडतात, मग सेल्सवाले वैतागून तपासणीच बंद करायला लावतात. शब्द सुटे करून, क्रम सोडून, उच्चारावर तुलना करा. गुण ८० च्या वर असले तर पुढे, ६० ते ८० माणसाकडे, त्याखाली नकार. हे आकडे सुरुवातीचे समजा, तुमच्या ५०० जुन्या नोंदींवर चालवून बसवा.

फील्ड एजंट. याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि सर्वांत मोठं भोक इथेच असतं. नोंदणीमागे कमिशन रोख मिळत असेल तर टोळी तुमच्या एजंटलाच गाठते. अर्धं कमिशन नोंदणीला आणि उरलेलं ४५ दिवस दुकान स्वच्छ राहिल्यावर द्या. कोणत्या एजंटची किती दुकानं १९३० मध्ये आली याचा तक्ता दर सोमवारी काढा. एकाच एजंटची दोन आली की त्याच्या मागच्या ६० दिवसांच्या सगळ्या नोंदण्या पुन्हा तपासा.

नियम. सुरुवातीला चार पुरेत:

१. पहिले ३० दिवस झटपट सेटलमेंट नाही. ही एकच गोष्ट केली तरी तुमच्या साच्यातला बराच भाग मोडेल.

२. तासाभरातली जमा ५०,००० च्या वर आणि ती मागच्या सात दिवसांच्या तासागणिक जमेच्या मध्यकाच्या (रकमा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) दहा पट असेल तर सेटलमेंट थांबवा. सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या. एका मोठ्या बिलाने सरासरी फुगते.

३. शेवटच्या २० देणाऱ्यांपैकी आधी कधी आलेला एकही नाही आणि रकमा ५,००० च्या वर. खऱ्या किराण्यात तिसऱ्या आठवड्यापासून तीच माणसं पुन्हा दिसू लागतात, भाड्याच्या क्यूआरवर प्रत्येक जण पहिल्यांदाच आलेला असतो. रकमेची अट मात्र सोडू नका. आषाढीत पंढरपूरच्या वाटेवरच्या चहावाल्याकडेही सगळे नवेच येतात, पण १५-२० रुपयांचे.

४. ४९,९९९ किंवा ९९,००० अशा मर्यादेच्या जरा आतल्या रकमा एका दिवसात तीनदा.

नियम लागला की व्यवहार नाकारू नका, सेटलमेंट थांबवा. नाकारलं तर दहा मिनिटांत त्यांना तुमचा आकडा कळतो आणि ते दुसऱ्या क्यूआरवर जातात. थांबवलं तर पैसा ॲग्रिगेटरच्या एस्क्रोत (दुकानदारांचे पैसे वेगळे राखायचं खातं) पडून राहतो आणि फसवलेल्याला परत मिळू शकतो. पण माणसाची तपासणी ३० मिनिटांत व्हायलाच हवी आणि शंका पक्की झाली की क्यूआर बंद. नुसतं थांबवून जमा चालू ठेवली तर आणखी कोणाची तरी आयुष्याची पुंजी त्यात पडत राहील. थांबवण्याचा अधिकार तुमच्या आणि ॲग्रिगेटरच्या करारात, शिवाय दुकानदाराच्या अटींत लिहिलेला हवा. पैसे स्वतःच्या चालू खात्यात वळवून अडवणं कधीही नको.

फोनची ओळख. अँड्रॉइड आयडी फॅक्टरी रिसेटने बदलतो, त्यावर एकट्यावर विसंबू नका. वाइडवाइनचा (व्हिडिओची चोरी रोखणारी फोनमधली गूगलची यंत्रणा) आयडी बहुधा टिकतो. प्ले इंटिग्रिटीचा (फोन आणि ॲप अस्सल आहे का हे सांगणारी गूगलची सोय) निकाल सर्व्हरवर तपासा, दर वेळी नवा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) देऊन. ॲपमध्येच तपासला तर तो बदलून पाठवता येतो. आयपीवरून मात्र कोणाला बंद करू नका. मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपीमागे हजारो लोक असतात. फोन, सेटलमेंट खातं, पर्यायी मोबाइल नंबर आणि एजंट असे चार रकाने जोडणारा एक तक्ता पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये करा. एका दुकानाला लाल खूण पडली की दोन जोडांपर्यंतची (त्याला जोडलेली आणि त्यांना जोडलेली) सगळी दुकानं तपासणीच्या रांगेत. यासाठी वेगळा ग्राफ डेटाबेस लागत नाही, ९,००० दुकानदारांना साधा रिकर्सिव्ह क्वेरी पुरतो.

---

पंचनामा

वरचं सगळं पटलं. मी नोटिशीच्या बाजूचं लिहितो, कारण तिथे घाईत होणाऱ्या चुका महिनोन् महिने निस्तराव्या लागतात.

१९३० वर तक्रार आली की व्यवहार क्रमांकासह तिकीट पहिल्या बँकेकडे जातं. पैसा तिथे असेल तर तेवढ्या रकमेवर होल्ड, पुढे गेला असेल तर पुढच्या खात्याचा तपशील भरून तिकीट पुढच्या थरात. तुमचा ॲग्रिगेटर यातला एक थर असतो आणि तो तुमच्याकडून उत्तराची वाट बघत असतो. म्हणून ईमेलची वाट पाहू नका. ॲग्रिगेटरच्या नोडल माणसाशी ठरवून रात्रंदिवस चालणारा एक फोन नंबर ठेवा आणि तीन बटणांची आतली स्क्रीन करा: व्यवहार शोधा, सेटलमेंट थांबवा, पुढचं खातं दाखवा. लक्ष्य १५ मिनिटांचं. डेव्हलपरला उठवून क्वेरी चालवावी लागत असेल तर तुम्ही उशिरा पोहोचताय.

नोटीस साधारण दोन तऱ्हेची येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली माहिती आणि कागद मागतात, कलम १०६ खाली मालमत्ता जप्त होते, म्हणजे खात्यावर बंदी. ९४ ची नोटीस आली म्हणून आपणहून सगळं खातं गोठवू नका. आदेशात पूर्ण खातं लिहिलं नसेल तर वादातल्या रकमेपुरताच होल्ड. खऱ्या दुकानात फसवणुकीचे २,००० रुपये एखाद्या गिऱ्हाइकाकडून येऊ शकतात, त्यासाठी त्याचे दोन लाख अडकवणं अन्याय आहे.

नोटीस खरी आहे का ते बघा. टोळ्या पोलिसांच्या नावाने माहिती मागतात आणि त्याच दुकानदाराला लुबाडायला वापरतात. पत्ता जीओव्ही डॉट इन असला तरी ती मेलपेटी चोरलेली असू शकते. नोटिशीतल्या नंबरवर नव्हे, पोलीस दलाच्या संकेतस्थळावरच्या ठाण्याच्या नंबरवर फोन करून गुन्हा किंवा तक्रार क्रमांक विचारून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

उत्तरात काय द्यायचं: नोंदणीची तारीख आणि वेळ, लोकेशन, काढलेले फोटो, फोनचे आयडी, लॉगिनचे आयपी पोर्टसह (आयपीच्या जोडीला येणारा त्या जोडणीचा क्रमांक), सेटलमेंट खातं, यूटीआर (बँकेने व्यवहाराला दिलेल्या) क्रमांकांसह व्यवहारांची यादी. पोर्ट विसरलात तर मोबाइल कंपनीला त्या आयपीमागचा माणूस सांगणं फार अवघड होतं, आणि बहुतेक लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा) तो आपोआप नोंदवत नाहीत. आजच चालू करा. वेळ भारतीय प्रमाणवेळेत आणि शेजारी यूटीसीत लिहा. साडेपाच तासांच्या गोंधळात भलत्याच माणसाचं नाव येतं.

सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या ६५-ब च्या जागी हे आलं. त्याचे दोन भाग असतात: भाग अ यंत्रणेचा ताबा असलेल्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला, जरा बदल झाला तरी बदलणारा ठसा) भरायचा. फाइल आधी तयार करा, तिचा एसएचए-२५६ हॅश काढा, मग हात लावू नका. सही झाल्यावर कोणी एक्सेल उघडून रकाना रुंद करून सेव्ह केलं की हॅश बदलला, प्रमाणपत्र निरुपयोगी. म्हणून सीएसव्ही द्या.

लॉगचं: सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवणं बंधनकारक आहे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली हवीत आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. या यादीत डिजिटल पेमेंट यंत्रणेवरचे हल्ले आहेत, तसंच बनावट मोबाइल ॲपही आहेत. तुमच्या नावाची खोटी एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) व्हॉट्सॲपवर फिरत असेल तर तीही कळवण्याजोगी घटना आहे. सहा तासांत पूर्ण अहवाल लागत नाही, हाताशी असेल तेवढं द्या, उरलेलं मागाहून.

आणखी एक. भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत सायबर गुन्हे नावानिशी आहेत. तुमच्या चार रकान्यांच्या तक्त्यातून सात दुकानं एका फोनला जोडलेली दिसत असतील तर ती जोडणी उत्तरात द्या, मागितली नसली तरी. सात ठाण्यांत सात सुट्या तक्रारी असतात, त्या एकाच टोळीच्या आहेत हे बऱ्याचदा फक्त तुमच्याच डेटात दिसतं.

---

गल्लापेटी

दोघांचेही मनापासून आभार. आयपीसोबत पोर्ट ठेवत नव्हतो, तो बदल आजच लावतो.

एक अडचण. रात्रीच्या व्यवहारांवर नियम लावायचा विचार होता. पण गुलटेकडी मार्केट यार्डातल्या भाजी गाळ्यांचा धंदा पहाटेच सुरू होतो, आणि त्यांनाच झटपट पैसे लागतात, कारण सकाळी शेतकऱ्याची पट्टी (मालाचे पैसे) चुकवायची असते. ३० दिवस झटपट नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कंपनीकडे जातील.

---

तिसरी_खिडकी

घड्याळावर नियम लावूच नका, दुकानाच्या स्वतःच्या सवयीवर लावा. पहाटे चारला गाळ्यावर गर्दी असणं नेहमीचं. तोच गाळा दुपारी तीनला अनोळखी लोकांकडून प्रत्येकी ४०,००० घेऊ लागला तर ते वेगळं.

झटपट सेटलमेंटसाठी पायऱ्या करा. बाजार समितीचा परवाना असलेला गाळा एजंटखेरीज दुसऱ्या माणसाने जाऊन पाहिला असेल तर पहिल्या दिवसापासून झटपट, पण दिवसाला २०,००० पर्यंतच. उरलेलं दुसऱ्या दिवशी. सातव्या दिवशी ५०,०००. सेटलमेंट खातं बदललं की पुन्हा पहिल्या पायरीवर, ७२ तास. खातं बदलणं हा तुमच्याकडचा सर्वांत धोक्याचा क्षण असतो, कारण प्रामाणिक दुकानदाराचा ॲप ताब्यात घेऊन टोळी नेमकं तेच करते. बदलाची सूचना जुन्या मोबाइल नंबरवर जाऊ द्या, नव्यावर नव्हे.

खातं बदलताना फोनवर ॲक्सेसिबिलिटी परवानगी (स्क्रीन वाचायची आणि बटणं दाबायची) घेतलेलं, प्ले स्टोअरबाहेरून आलेलं ॲप चालू असेल तर बदल थांबवा. सरसकट ॲक्सेसिबिलिटी बंद असण्याची अट घालू नका, दृष्टिहीन दुकानदार टॉकबॅकवर ॲप चालवतात.

---

रूटकी

तुमच्या चौथ्या प्रश्नाचं राहिलं. मोठे हल्लेसुद्धा याच साखळीवर चालतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तेव्हा आतल्या यंत्रणेत शिरणारे वेगळे होते आणि २८ देशांतल्या एटीएमवर क्लोन कार्डं घेऊन उभे असलेले वेगळे. एकूण ९४ कोटी गेले. एटीएममधले बहुतेक पैसे शनिवारी, ११ तारखेला, काही तासांत निघाले आणि सोमवारी, १३ ला, स्विफ्टमधून (बँकांची परदेशी व्यवहारांची संदेश यंत्रणा) आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. सुट्टीला लागून वेळ साधली होती. म्हणून धोक्याच्या घंटा शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ कोणाच्या फोनवर वाजणार हे नाव लिहून ठरवा.

२५ माणसांच्या कंपनीत करायचं ते मी याच क्रमाने करेन:

पहिलं, पासकी (पासवर्डऐवजी फोनमधल्या किंवा हार्डवेअर चावीने लॉगिन). गूगल वर्कस्पेस, क्लाउड, गिटहब आणि ॲग्रिगेटरचा डॅशबोर्ड. एसएमएसचा किंवा ॲपमधला सहा आकड्यांचा कोड मधल्या खोट्या पानावर टाकला की चोराला लगेच मिळतो, पासकी मात्र डोमेनला बांधलेली असते. बॅकअप म्हणून प्रत्येकाला दोन हार्डवेअर चाव्या. फोन हरवल्यावर "तात्पुरता एसएमएस चालू करा" ही पळवाट ठेवलीत तर हल्लेखोर तिथूनच येतो.

दुसरं, चोरलेल्या सेशन कुकी (लॉगिन चालू ठेवणारी ब्राउझरमधली नोंद). लुमासारखं मालवेअर ब्राउझरमधल्या कुकी उचलतं, मग पासवर्ड आणि पासकी दोन्ही लागत नाहीत. अॅडमिन डॅशबोर्डचं सेशन ८ तासांवर आणा. सेटलमेंट खातं बदलणं, मर्यादा वाढवणं आणि परतावा या तीन कामांना दर वेळी पासकी पुन्हा मागा, वर दुसऱ्या माणसाची मंजुरी. क्रॅक सॉफ्टवेअर असलेला घरचा लॅपटॉप कामाला नको, हे मालवेअर फार वेळा तिथूनच शिरतं.

तिसरं, पॅकेजं (दुसऱ्यांनी लिहिलेला, आपण वापरतो तो तयार कोड). ८ सप्टेंबर २०२५ ला खोट्या मेलने पॅकेजं सांभाळणाऱ्या एका मेंटेनरचं एनपीएम (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं भांडार) खातं घेऊन चॉक, डीबगसारख्या अतिवापरातल्या पॅकेजांत चोरीचा कोड घातला गेला. तो काही तासांतच काढला, पण त्या वेळात बिल्ड केलेल्यांकडे तो आला. नवी आवृत्ती सात दिवस जुनी झाल्याशिवाय घ्यायची नाही अशी सेटिंग ठेवा, बिल्डमध्ये लॉकफाइलवरूनच (नेमक्या आवृत्त्यांची यादी) इन्स्टॉल. वर म्हटलंय तेच इथेही: वेळ तुमच्या बाजूला ठेवा.

चौथं, बॅकअप. वेगळ्या क्लाउड खात्यात, ऑब्जेक्ट लॉक (मुदतीपर्यंत फाइल पुसू न देणारं कुलूप) कम्प्लायन्स मोडमध्ये, ३० दिवस. गव्हर्नन्स मोड पुरत नाही, विशेष परवानगी असलेला तो उठवू शकतो. ग्राहकाने दिलेल्या चावीने बकेट (क्लाउडमधली फाइली ठेवायची जागा) एन्क्रिप्ट करण्याची सोय धोरणातून बंद करा. जानेवारी २०२५ मध्ये समोर आलेल्या खंडणीच्या प्रकारात चोरलेल्या ॲक्सेस चाव्या वापरून हीच सोय वापरली होती. दर तिमाहीला डेटाबेस कोऱ्या खात्यात उभा करून घड्याळ लावा. बहुतेक वेळा डेटा परत येतो पण सीक्रेट्स (सेवांचे पासवर्ड आणि चाव्या) येत नाहीत, आणि सेवा उभी राहत नाही.

मेलच्या डोमेनला डीमार्क (तुमच्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) लावताना थेट रिजेक्ट नको. दोन-तीन आठवडे नुसते अहवाल बघा, मग क्वारंटाइन, मग रिजेक्ट. एसपीएफमध्ये (तुमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं याची यादी) दहापेक्षा जास्त डीएनएस लुकअप झाले की तपासणी फसते आणि तुमचे स्वतःचे मेल अडतात. पगाराचं, मार्केटिंगचं आणि सपोर्टचं अशी सॉफ्टवेअरं जोडत गेलं की हे नकळत होतं.

---

पंचनामा

सेटलमेंट थांबवल्यावर दुकानदाराला जाणाऱ्या मेसेजचं राहून गेलं होतं. खरा दुकानदार इथेच घाबरतो आणि गूगलवर "कस्टमर केअर" शोधून खोट्या नंबरवर फोन लावतो. मजकूर साधारण असा ठेवा, डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसची टेलिकॉम कंपन्यांकडची नोंदणी) साचा आधीच मंजूर करून घ्या:

"आज दुपारी ३.१० नंतर जमा झालेले रु. ४२,००० तपासणीसाठी थांबवले आहेत. आधीचे पैसे नेहमीप्रमाणे मिळतील. कृपया ॲप उघडून 'मदत' मध्ये बिलाचा फोटो टाका. २४ तासांत उत्तर देऊ. आम्ही ओटीपी, पिन किंवा पैसे मागत नाही."

मेसेजमध्ये लिंक नको, फोन नंबरही नको. ॲपमधल्या "मदत" वर आलेला बिलाचा फोटो बघणारा माणूस मराठी बोलणारा असू द्या, आणि २४ तास म्हटले की २४ तासांतच उत्तर जाऊ द्या, रविवार असला तरी.